केदारच्या वाटेवरील धर्मशाळा

नाशिकहून पुण्याकडे जाताना वाटेत संगमनेर लागते. प्रवरा आणि म्हाळुंगी या दोन नद्यांच्या संगमावर वसलेले हे जुने गाव. येथून पश्चिमेकडे निघाले म्हणजे सह्याद्रीच्या रांगा हळूहळू वर चढू लागतात आणि शेजारच्या अकोले तालुक्यात कळसूबाईचे शिखर उभे राहते. त्याची उंची १६४६ मीटर. महाराष्ट्रात याहून उंच जागा नाही. पावसाळ्याच्या दिवसांत हे शिखर चढणे म्हणजे थोडी परीक्षाच असते. ढग खाली उतरतात, हाताच्या अंतरावरचा माणूस दिसेनासा होतो, कड्यावरच्या लोखंडी शिड्या निसरड्या होतात आणि भिजलेल्या अंगाला वारा असा झोंबतो की दातांवर दात आपटू लागतात. अशा वेळी कसेबसे उतरून पायथ्याच्या बारी गावी एखाद्या घराच्या ओसरीवर अंग टेकायला मिळाले, तर त्या ओसरीपुढे राजवाडाही थिटा वाटतो. संगमनेर-अकोल्याच्या मुलांना हा अनुभव नवा नाही.

आता कळसूबाईच्या दुपटीहून अधिक उंचीवरची एक वाट डोळ्यांपुढे आणावी. तिच्यावर पावसाऐवजी बर्फ पडते आहे, घर दोनशे कोसांहून दूर आहे, अंगावर सुती धोतर आणि एक कांबळे आहे, आणि दिवस मावळत आला आहे. दोनअडीचशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून केदारनाथाला निघालेल्या यात्रेकरूची अवस्था बहुधा अशीच होत असे. त्याला ओसरी कोण देणार?

ती ओसरी ज्यांनी दिली, त्या याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जन्मल्या होत्या. संगमनेर जिल्ह्याच्या वायव्येस, तर आग्नेयेस जामखेड तालुक्यात चौंडी हे लहानसे गाव आहे. तेथील पाटील माणकोजी शिंदे यांच्या घरी ३१ मे १७२५ रोजी अहिल्येचा जन्म झाला. चौंडीचा मुलूख कमी पावसाचा. तेथे पाणी जपून वापरावे लागे आणि उन्हाळ्यात वाटसरूला तांब्याभर पाणी देणे हेच मोठे पुण्य मानले जाई. बर्फ ही वस्तू त्या गावातील कोणी डोळ्यांनी पाहिली असणे कठीण. या मुलीचे नाव पुढे हिमालयातील लोकांच्या तोंडी होईल आणि २०२४ मध्ये सबंध जिल्हाच तिच्या नावाने अहिल्यानगर म्हणून ओळखला जाऊ लागेल, हे त्या वेळी कोणाच्या स्वप्नातही आले नसेल.

मुलींना अक्षरओळख करून देण्याची त्या काळी रीत नव्हती. माणकोजींनी मात्र अहिल्येला लिहायला व वाचायला शिकविले. पुढच्या साऱ्या कारभाराचा पाया येथेच घातला गेला. मराठ्यांचे नामांकित सरदार मल्हारराव होळकर यांनी या चुणचुणीत मुलीला चौंडीच्या देवळात पाहिले आणि आपला पुत्र खंडेराव याच्यासाठी मागणी घातली, अशी कथा सांगतात. वयाच्या आठव्या-नवव्या वर्षी अहिल्या होळकरांची सून होऊन माळव्यात गेली. १७४५ मध्ये मालेराव हा पुत्र आणि १७४८ मध्ये मुक्ताबाई ही कन्या त्यांना झाली.

मल्हाररावांचे आयुष्य घोड्याच्या पाठीवर गेले. घरी परतण्याची त्यांना सवड नसे. अशा वेळी हिशेब तपासणे, वसूल जमा करणे, फौजेला दारूगोळा व दाणावैरण वेळेवर पोहोचविणे, ही कामे ते सुनेवर सोपवू लागले. फौज चालते ती पोटावर, आणि हजारो माणसे व जनावरे एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामाला न्यायची तर पाणी कोठे, चारा कोठे, रात्रीचा तळ कोठे, हे आधी ठरवावे लागते. अहिल्याबाईंनी हे ज्ञान पुस्तकांतून मिळविले नाही. वीस वर्षे रोजच्या पत्रव्यवहारातून ते त्यांच्या अंगवळणी पडले. मुक्काम चुकला तर माणसे मरतात, हे त्या चांगल्या जाणून होत्या.

१७५४ मध्ये भरतपूरजवळच्या कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव ठार झाले. अहिल्याबाईंनी अजून तिशीही ओलांडली नव्हती. त्या काळच्या चालीप्रमाणे त्या सती जाण्यास निघाल्या. परंतु पुत्र गमावलेल्या मल्हाररावांनी त्यांना कळवळून अडविले. या सुनेवरच आता आपली आणि दौलतीची भिस्त आहे, असे त्यांनी विनविले. अहिल्याबाई थांबल्या. १७६६ मध्ये मल्हारराव निवर्तले, आणि गादीवर बसलेला मालेरावही पुढच्याच वर्षी गेला. बारा-तेरा वर्षांत पती, सासरा आणि पुत्र असे तिघेही गेले.

एकट्या स्त्रीच्या हाती राज्य पाहून काहींना लोभ सुटला. होळकरांचा कारभारी गंगाधर यशवंत याने राघोबादादा पेशव्यांना माळव्यात बोलाविले. अहिल्याबाईंनी लढाईची सिद्धता केली, शेजारच्या सरदारांना पत्रे लिहिली आणि राघोबांना असेही बजावले की, स्त्रीशी लढून जिंकलात तर त्यात कीर्ती नाही आणि हरलात तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. राघोबा काय ते समजले आणि प्रसंग टळला. थोरले माधवराव पेशवे यांचीही बाईंच्या कारभाराला मान्यता मिळाली. फौजेचे काम तुकोजी होळकरांकडे देऊन त्यांनी नर्मदेच्या काठी महेश्वर येथे राजधानी केली आणि पुढे सुमारे अठ्ठावीस वर्षे राज्य चालविले.

त्यांचा दिनक्रम ठरलेला होता. पहाटे उजाडण्यापूर्वी तासभर उठायचे, स्नान, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, साधे जेवण, आणि दुपारी दोन वाजता कचेरीत हजर. तेथे संध्याकाळी सहापर्यंत कामकाज चाले. रात्री नऊ ते अकरा पुन्हा कागदपत्रे. पडद्याआड न बसता त्या खुल्या दरबारात बसत आणि गाऱ्हाणे घेऊन आलेल्या कोणाचेही म्हणणे स्वतः ऐकून घेत.

या गाऱ्हाण्यांमध्ये वाटसरूंची गाऱ्हाणी पुष्कळ असत. विंध्य आणि सातपुडा या डोंगरांतून जाणाऱ्या घाटवाटांवर भिल्लांचा उपद्रव होता. माल लुटला जाई, माणसे जखमी होत. प्रथम अहिल्याबाईंनी कडक उपाय योजून पाहिले, पण फौज परत फिरली की लूट पुन्हा सुरू होई. मग त्यांनी प्रश्नाच्या मुळाकडे पाहिले. या डोंगरांतून जाणाऱ्या मालावर थोडी कवडी घेण्याचा भिल्लांचा जुना हक्क होता, त्याला भीलकवडी म्हणत. तो हक्क त्यांनी मान्य केला. मोबदल्यात भिल्लांनी पडीक जमिनी कसाव्यात, आपापल्या हद्दीतील घाट राखावेत आणि तेथे कोणाची चोरी झाली तर ती भरून द्यावी, असे ठरले. ज्याला डोंगराची प्रत्येक घळ ठाऊक आहे, तोच डोंगराचा उत्तम पहारेकरी होऊ शकतो, ही त्यातली मेख होती. आजही डोंगरात कोणी हरवला म्हणजे शोध घेणारे सर्वांत आधी तेथल्या गुराख्याला आणि वाटाड्याला गाठतात.

रस्त्यावरच्या माणसाला काय लागते, याविषयी बाईंची दृष्टी अशी बारीक होती. उन्हाळ्यात वाटांवर जागोजाग माणसे नेमून वाटसरूंना पाणी पाजले जाई. थंडीच्या तोंडावर गरिबांना उबदार कपडे वाटले जात. महेश्वरच्या आसपास नांगरणीच्या दिवसांत त्यांचे सेवक शेतकऱ्यांची औते थांबवून बैलांना पाणी पाजीत. पाखरांना कोणी धान्यावर बसू देत नाही म्हणून काही उभी शेते विकत घेऊन ती पाखरांसाठी राखली होती. हे सारे वाचून कोणाला हसू येईल. पण तहानलेला बैल ज्यांच्या नजरेतून सुटला नाही, त्यांच्या नजरेतून बर्फात कुडकुडणारा यात्रेकरू कसा सुटावा?

त्या काळी उत्तरेची यात्रा म्हणजे जिवावरचे काम. काशीला जाऊन माणूस सुखरूप परतला तर घरी मावंदे घालीत, सोयऱ्यांना जेवू घालीत, ते काही उगीच नव्हे. काशीच्याही पलीकडे बदरी-केदारला निघालेला माणूस तर घरच्यांचा निरोप घेताना तो शेवटचाच समजून घेई. हरिद्वारपर्यंत सपाटी असे. तेथून खरा डोंगर सुरू होई. गंगेच्या काठाने ऋषिकेश, पुढे अलकनंदा व भागीरथी जेथे मिळतात ते देवप्रयाग, मग रुद्रप्रयाग, आणि तेथून मंदाकिनीच्या खोऱ्याने वर केदारनाथ. वाट कड्याच्या कडेने कोरलेली, एका पावलापुरती. नद्या ओलांडायला गवताच्या दोरांचे झुलते पूल. खाली पाहिले तर पांढरे फेसाळ पाणी, आणि पूल मध्यावर गेला की पाळण्यासारखा हेलकावे खाई.

शेवटचा टप्पा सर्वांत कठीण. गौरीकुंड सुमारे १९८० मीटर उंचीवर आहे आणि केदारनाथ सुमारे ३५८० मीटरवर. म्हणजे या एका टप्प्यात सुमारे सोळाशे मीटर चढावे लागते. समुद्रसपाटीपासून कळसूबाईचा माथा जितका उंच, जवळजवळ तितकीच ही चढण. दर हजार मीटर चढले की हवा सुमारे साडेसहा अंशांनी थंड होते. हवा नुसती थंडच होत नाही, विरळही होते. केदारनाथाला हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या दोन-तृतीयांशाहूनही थोडा कमी असतो, म्हणून प्रत्येक श्वासागणिक शरीराला मिळणारा प्राणवायूही तितकाच कमी. डोके दुखू लागते, मळमळते, झोप लागत नाही, पाऊल उचलत नाही. अशा अवस्थेत वर चढत राहणारा माणूस प्राणास मुकतो. थांबून विसावा घेणारा आणि बरे न वाटल्यास खाली उतरणारा वाचतो. तेथे पाणीसुद्धा लवकर, सुमारे ८८ अंशांवरच उकळते. त्यामुळे डाळ तासन् तास शिजत राहते आणि जवळचे सरपण संपून जाते. दमलेला, अर्धपोटी, ओल्या कपड्यांतला माणूस संध्याकाळी वाऱ्यात बसला म्हणजे त्याला गुंगी येते. ही गुंगी झोपेसारखी गोड असते असे म्हणतात, आणि तिच्यातून पुष्कळ जण उठत नाहीत. बर्फाच्या वाटेवर कडा कोसळून माणसे दगावतात, तशीच ती अशी मुकाट्यानेही दगावतात.

विज्ञानाच्या युगातही तेथील निसर्ग मऊ झालेला नाही. १६ व १७ जून २०१३ या दोन दिवसांत केदारनाथच्या वरचे चोराबारी सरोवर फुटले आणि पाणी, दगड व चिखल यांचा लोंढा वस्तीवर आला. हजारो माणसे मेली. सेना, वायुसेना, सीमा पोलीस व आपत्ती दलाच्या जवानांनी त्या खोऱ्यांतून एक लाखाहून अधिक लोकांना बाहेर काढले. २५ जून रोजी याच कामावर असलेले वायुसेनेचे एक हेलिकॉप्टर गौरीकुंडाजवळ कोसळले आणि त्यातील वीसही जण मृत्यू पावले. दोनअडीचशे वर्षांपूर्वी यांपैकी काहीच नव्हते. वाटेवर पडलेल्याला उचलायला कोणी येणार नव्हते. म्हणून माणूस पडण्याच्या आधीच त्याच्यापाशी पोहोचणे, एवढा एकच मार्ग होता.

अहिल्याबाईंनी तो धरला. हरिद्वारला कुशावर्त घाट व धर्मशाळा, केदारनाथला धर्मशाळा व कुंड, गंगोत्रीला अनेक धर्मशाळा, आणि बदरीनाथच्या यात्रामार्गावर रंगडचट्टी, बिदरचट्टी, व्यासगंगा, तुंगनाथ, पावली अशा ठिकाणी विसाव्याच्या जागा, अशी त्यांच्या हिमालयातील कामांची यादी परंपरेने चालत आली आहे. ही नावे नकाशावर पाहण्यासारखी आहेत. तुंगनाथचे देऊळ ३६०० मीटरहून उंच आहे. गंगोत्रीहून केदारनाथला जाणारी जुनी पायवाट पावलीच्या धारेवरून जाते आणि ती धारही तीन हजार मीटरच्या वर आहे. वर्षातील कितीतरी महिने तेथे बर्फ असते. धर्मशाळा गावात बांधणे सोपे असते, तेथे गवंडी मिळतो, चुना मिळतो, दर्शनाला येणारे लोक दात्याचे नावही वाचतात. जेथे गाव नाही, बाजार नाही, पाहणारा कोणी नाही, तेथे दगडावर दगड चढविणे ही गोष्ट वेगळी.

चट्टी म्हणजे डोंगरातील यात्रामार्गावरचा मुक्काम. दोन चट्ट्यांमधील अंतर थकल्या माणसाला झेपेल एवढे असे. यात्रेकरूने सकाळी निघावे, दुपारच्या आत चट्टी गाठावी, शिधा घ्यावा, चूल पेटवावी, कपडे वाळवावे आणि रात्री छपराखाली निजावे. यात एक मोठा गुण आपोआप साधे. रोज थोडे थोडे चढल्याने शरीराला विरळ हवेची सवय होत जाई. हल्ली सपाटीवरून निघून एका दिवसात केदारनाथला उतरणारे प्रवासी आहेत. त्यांचे डोके धरते आणि जुन्या काळचा पायी जाणारा म्हातारा मात्र काठी टेकीत वर पोहोचे. त्याचे श्रेय काठीइतकेच त्या मुक्कामांनाही द्यावयास हवे. शिवाय पुढे अमुक अंतरावर छप्पर आहे हे ठाऊक असले की माणूस अंधारात वेड्यासारखा चालत सुटत नाही, आणि आभाळ भरून आलेले दिसले तर मागच्या मुक्कामावर परतायला लाजत नाही.

कुंड बांधण्यामागचे कारणही असेच होते. डोंगरात पाणी सर्वत्र दिसते, ऐकू येते, पण ते खोल दरीत असते, किंवा गोठलेले असते. पाण्यासाठी निसरड्या उतरणीवरून खाली जाणे म्हणजे दिवसभर जपलेला जीव संध्याकाळी धोक्यात घालणे. ज्या चौंडीत पाण्याचे मोल पुरेपूर ठाऊक होते, तेथल्या लेकीने छपरासोबत पाण्याचीही योजना केली, हे ओघानेच आले.

याला पैसा लागत होता, आणि तो काही थोडाथोडका नव्हे. होळकरांच्या दौलतीत खासगी म्हणून एक स्वतंत्र हिस्सा होता. तो घरच्या स्त्रियांच्या ताब्यात असे. अहिल्याबाईंनी आपला दानधर्म मुख्यतः या खासगीतून केला. त्या पैशावर तुकोजींचा डोळा असे, कारण फौजेला नेहमीच पैसा कमी पडे, आणि त्यावरून दोघांत कुरबुरीही होत. पण बाई त्या बाबतीत कठोर होत्या. दुसरी अडचण अशी की, हिमालयाचा तो मुलूख होळकरांचा नव्हता. तेथे गढवालच्या राजाचे राज्य होते. तेथील रयतेकडून होळकरांना एक पैचाही वसूल येत नव्हता आणि तेथे वाचलेला यात्रेकरू महाराष्ट्राचा असेल की बंगालचा, द्रविड देशचा असेल की गुजराथचा, हेही कोणी विचारणार नव्हते.

काशीविश्वनाथाचे मंदिर १७८० च्या सुमारास त्यांनी नव्याने उभारले. सोमनाथ, घृष्णेश्वर, गयेचे विष्णुपद अशी त्यांची कामे भारतभर पसरली आहेत. त्यांची वर्णने पुष्कळांनी केली आहेत. मंदिरे डोळ्यांत भरतात. वाटेवरच्या धर्मशाळेकडे फारसे कोणी पाहत नाही. ती पाहायला पायांना फोड यावे लागतात.

जगात अन्यत्रही असे प्रयत्न झाले आहेत. स्वित्झर्लंड आणि इटली यांच्या सीमेवर आल्प्स पर्वतात ग्रेट सेंट बर्नार्ड नावाची २४६९ मीटर उंचीची खिंड आहे. तेथे सुमारे १०५० मध्ये ख्रिस्ती साधूंनी एक आश्रयस्थान स्थापन केले. बर्फात अडकलेल्या प्रवाशांना शोधून आणून ऊब व अन्न देणे हे त्यांचे व्रत. या कामी ते मोठे केसाळ कुत्रे पाळीत. अहिल्याबाईंच्या निधनानंतर पाच वर्षांनी जन्मलेल्या बॅरी नावाच्या कुत्र्याने चाळीसांवर माणसे वाचविली असे सांगतात. साधू तेथे बारा महिने राहात, हे त्यांचे विशेष. हिमालयातील चट्ट्या हिवाळ्यात ओस पडत, कारण दिवाळी झाली की केदारनाथचे दरवाजेच बंद होतात. परंतु साधूंच्या आश्रमात आणि बाईंच्या धर्मशाळेत शिरणाऱ्या भिजल्या माणसाला वाटलेला आनंद एकच असला पाहिजे. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काळी कमळीवाले बाबा या नावाने प्रसिद्ध असलेल्या स्वामी विशुद्धानंदांनी याच मार्गावर धर्मशाळांची व अन्नछत्रांची मोठी साखळी उभारली.

इकडे महेश्वरी अहिल्याबाईंच्या घरचे दिवे एकेक करून मालवत होते. मुक्ताबाईचा मुलगा नथोबा तरुणपणीच वारला. त्या दुःखातून सावरतात न सावरतात तोच १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे गेले. मुक्ताबाईने सती जाण्याचा निश्चय केला. एकदा सासऱ्याच्या विनवणीने चितेपासून मागे फिरलेल्या आईने आता मुलीपुढे पदर पसरला. मुलीने ऐकले नाही. नर्मदेच्या तीरावर दोन्ही बाजूंनी धरून उभ्या केलेल्या त्या माउलीने ते पाहिले, आणि तीन दिवस अन्नाला शिवली नाही. चौथ्या दिवसापासून कचेरी कशी सुरू झाली असेल, हे तीच जाणे. पण ती सुरू झाली. कागद पुढे आले, गाऱ्हाणी ऐकली गेली, गंगेच्या पाण्याच्या कावडी दक्षिणेतील देवळांकडे रवाना होत राहिल्या, आणि दूरच्या धर्मशाळांना लागणारा खर्चही थांबला नाही. ज्यांना स्वतःच्या घरात कोणी उरले नव्हते, त्या बाई अनोळखी माणसांच्या रात्रीच्या निवाऱ्याची काळजी वाहत होत्या.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वर येथे अहिल्याबाईंचे देहावसान झाले. त्यांचे वय सत्तर वर्षांचे होते.

त्यानंतरची वर्षे उलथापालथीची गेली. होळकरांच्या घरात कलह माजला. तिकडे १८०३ मध्ये मोठ्या भूकंपाने गढवालचे डोंगर हादरले आणि असंख्य घरे जमीनदोस्त झाली. पाठोपाठ १८०४ मध्ये गुरख्यांनी तो मुलूख जिंकला. १८१५ मध्ये इंग्रजांनी तो गुरख्यांकडून घेतला. १८१८ मध्ये मराठ्यांचे राज्यही बुडाले. माळव्याची व्यवस्था पाहण्यासाठी सर जॉन माल्कम हा इंग्रज अधिकारी आला. तेथे जो तो अहिल्याबाईंचे नाव घेतो हे पाहून त्याला प्रथम शंका आली की लोक भक्तीमुळे वाढवून बोलत असावेत. म्हणून त्याने निरनिराळ्या जातींच्या व पक्षांच्या लोकांकडे चौकशी केली. जितकी चौकशी करावी तितका त्याचा आदर वाढत गेला, आणि १८२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मध्य हिंदुस्थानावरील आपल्या ग्रंथात त्याने तो मोकळेपणाने व्यक्त केला.

याच ग्रंथात केदारनाथविषयी एक नोंद आहे. माल्कमच्या ओळखीचा एक कप्तान १८१८ मध्ये तिकडे गेला होता. उंचावर, जवळजवळ निर्मनुष्य अशा जागी त्याला एक दगडी धर्मशाळा आणि पाण्याचे कुंड आढळले. बांधणारीला जाऊन तेवीस वर्षे झाली होती. मध्यंतरी भूकंप झाला होता, दोन राज्ये आली आणि गेली होती. तरी महेश्वरहून इतक्या लांब, त्या डोंगरातील लोक तिचे नाव मोठ्या प्रेमाने घेत होते, आणि चढणीने थकून आलेल्या वाटसरूला पाठ टेकायला दगडी भिंत आणि प्यायला पाणी मिळत होते.